खोडसाळ प्रश्नास उत्तर कसे द्यावे?

सज्जनहो, कीर्तन आटोपले, आरती झाली, प्रसाद वाटला, की मंडळी घटकाभर ओट्यावर बसतात आणि कुणीतरी शंका काढतो, ही आपली जुनी रीत. आमच्या सायखेड्यात गोदाकाठी ती अजून चालू आहे. आता तिला दुसरे एक ठिकाण मिळाले आहे. सप्ताहाच्या मंडळींनी मोबाईलवर व्हॉट्सॲपचा गट केला, आणि ओट्यावरची चर्चा तेथे रात्री उशिरापर्यंत चालू लागली.

चर्चा वाढली ही चांगलीच गोष्ट. परंतु तिच्याबरोबर एक पीडाही आली. कुणीतरी मध्येच एक वाक्य टाकतो, "वारीत पाय दुखण्यापलीकडे काय मिळते हो?" झाले! उत्तरांवर उत्तरे येतात. कुणी चिडतो, कुणी घराण्यावर घसरतो, आणि सकाळी दोन जुने टाळकरी एकमेकांकडे पाहीनासे होतात. वाक्य टाकणारा मात्र पुन्हा तोंड उघडत नाही. आग लावून तो शेकत बसतो. नव्या पिढीच्या बोलीत अशा माणसास 'ट्रोल' म्हणतात. आपल्याकडे खोडसाळ, कुचाळ, वितंडवादी हे शब्द पूर्वीपासून आहेत. शब्द आहेत त्याअर्थी माणसेही पूर्वीपासून आहेत.

अशा वेळी उत्तर द्यावे, गप्प बसावे, की हाकलून द्यावे? याचा विचार या पाठात करू. पण आधी आमची चूक सांगतो.

एका एकादशीस एका तरुणाने विचारले, "माउलींनी भिंत चालविली म्हणता, ती चालली कशी?" मुलगा कॉलेजात शिकणारा, बोलणे थोडे उद्धट. आम्हांस वाटले, हा टवाळी करावयास आला. आमच्यातील एकाने टोमणा मारला, सगळे हसले, आम्हीही हसलो. मुलगा उठून गेला. पुढे कळले, की वसतिगृहातील सोबती त्याच्या माळेवरून त्याची थट्टा करीत, आणि त्यांस काय सांगावे हे विचारण्यास तो आला होता. म्हणजे तेथे त्याची थट्टा होत होती, आणि येथे ती आम्ही केली. खोडसाळ कोण ठरले?

म्हणून पहिली गोष्ट ही, की संशय म्हणजे निर्णय नव्हे. मग ओळखावे कसे?

यासाठी न्यायशास्त्राचा आधार घेऊ. गौतमांच्या न्यायसूत्रांत १६ पदार्थ सांगितले आहेत. त्यांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार येतात. सत्य कळावे म्हणून दोघेही प्रमाणे देऊन बोलतात, तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात, त्यात शब्दच्छलही चालतो, तो जल्प. आणि ज्यास स्वतःचा पक्ष मांडावयाचाच नाही, समोरच्याचे मोडावयाचे एवढेच ज्याचे काम, त्याची ती वितंडा. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूतींत वादाची गणना केली आहे. तेव्हा वादास भिण्याचे कारण नाही. ओळखावयाची ती वितंडा.

शब्दच्छलाचे एक उदाहरण शास्त्रकार देतात. कुणी म्हणाला, "याचे कांबळे नव आहे," म्हणजे नवे आहे. दुसरा लगेच म्हणतो, "नव कुठे? एकच तर दिसते!" पहिल्याचा अर्थ त्यास कळला नाही असे नाही, कळूनही त्याने नऊ असा अर्थ घेतला. आजच्या खोडसाळाचीही हीच युक्ती. अशा वेळी "नव म्हणजे नवे" एवढे एकदा सांगावे. कांबळी मोजीत बसू नये.

आता आचरणाची रीत पाहू.

पहिले उत्तर सरळ द्यावे, जणू विचारणारा खरा जिज्ञासूच आहे. भिंतीच्या प्रश्नास आम्हांस असे म्हणता आले असते: "बाबा, चांगदेव सिद्धीच्या बळावर वाघावर बसून आले, त्यांच्या अभिमानास दिलेले ते उत्तर, असे परंपरा सांगते. भिंत राहू दे. चांगदेवांस जो उपदेश झाला तो 'चांगदेव पासष्टी'च्या ६५ ओव्यांत आहे, तो वाच, मग बोलू." एवढ्याने काय बिघडले असते? विचारणारा खरा असेल तर त्याचे काम होते. खोटा असेल तर त्याला हवा तो राग मिळत नाही. शिवाय गप्प बसून ऐकणारे चारजण असतातच, त्यांनाही उत्तर मिळते.

दुसऱ्या वेळी त्यासच विचारावे, "आपले स्वतःचे म्हणणे काय?" ही मोठी कसोटी आहे. जिज्ञासू काहीतरी सांगेल, चुकतमाकत का होईना. वितंडवाद्यापाशी सांगण्यास काही नसते. तो विषय बदलतो किंवा व्यक्तीवर येतो.

तिसऱ्या वेळी मौन. मात्र मौन सर्वांचे हवे. नऊजण गप्प आणि दहावा उत्तर देतो, तर नऊंचे मौन वाया गेले. 'तू ट्रोल आहेस' असेही म्हणू नये. तो त्याचा विजय, आणि आपला अंदाज चुकला तर ते पाप आपल्या माथी. ओळखीचा असेल तर एकट्यास गाठून प्रेमाने बोलावे. चारचौघांत अडून बसलेला माणूस एकांतात पुष्कळदा निवळतो.

शिवीगाळ करील, आयाबहिणींवर बोलेल, तर गट चालविणाऱ्याने त्यास निमूटपणे बाहेर काढावे. धमकी दिली तर मजकूर जपून ठेवून पोलीस ठाण्यात जावे. न्यायसूत्रे म्हणतात, की अंकुराच्या रक्षणासाठी जसे काटेरी फांद्यांचे कुंपण, तसा जल्प-वितंडेचा उपयोग. आपल्याकडे शेतकऱ्यास हे सांगावयास नको. कुंपण हवे खरे. पण कुणी बाभळीचे पीक काढीत नाही.

संतांनी काय केले? हीच गोदावरी पुढे पैठणास जाते. तेथे नाथमहाराज स्नान करून येत तो एक यवन अंगावर थुंके. महाराज पुन्हा स्नानास जात. एकशे आठ वेळा असे घडले म्हणतात. महाराजांनी त्यास जाब विचारला नाही, आपला नेमही सोडला नाही. शेवटी थकला तो थुंकणारा. लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईंनी ती उघडविली. प्रत्यक्ष माउलींसही बोल लागले, तर तुम्हां-आम्हांस लागतील यात नवल नाही. पण दार कायमचे बंद करून चालत नाही.

आणि रामेश्वरभट! तुकोबांचे ते मोठे विरोधक. पण ते वितंडवादी नव्हते. त्यांचा स्वतःचा पक्ष होता, शास्त्रावर निष्ठा होती. म्हणूनच ते पालटू शकले. आज आपण तुकोबांची जी आरती म्हणतो ती त्यांच्याच नावाची आहे. देहूकरांनी त्यांना कायमचे शत्रू ठरविले असते, तर ही आरती आपणांस कुठली मिळती?

त्या मुलाच्या घरी आम्ही पुढे गेलो, चूक कबूल केली. तो हसला, चहा दिला. परंतु ओट्यावर तो अद्याप आलेला नाही. खोडसाळाने केलेली भांडणे महिन्याभरात मिटतात. आम्ही घालविलेला एक जिज्ञासू अजून परतला नाही. तात्पर्य, खोडसाळास ओळखण्यास उशीर झाला तरी चालेल. जिज्ञासूस ओळखण्यास चुकू नये.

मननासाठी:
१. गेल्या महिन्यात ज्याच्या प्रश्नाचा राग आला, त्यास पहिले उत्तर आपण सरळ दिले होते काय?
२. आपण स्वतः कधी 'नव कांबळे' मोजीत बसलो होतो काय?
३. आपल्या टोमण्याने उठून गेलेला कुणी आठवतो काय? आठवत असेल तर त्याचे घर फार दूर नसेल.

रामकृष्णहरि.