विठोबा घाटोळ आणि आपल्या हातातलं दार

आजचं चिंतन श्री गजानन विजय ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायावर. दासगणू महाराजांनी हा २१ अध्यायांचा ग्रंथ १९३९ साली शेगावात रचला. तिसरा अध्याय म्हटला की आपल्याला काशीचा गोसावी आणि त्याचा गांजाचा नवस आठवतो, नाहीतर जानराव देशमुखांचं दुखणं. याच अध्यायातली विठोबा घाटोळाची छोटी गोष्ट मात्र पारायणाच्या घाईत आपण भरकन वाचून पुढे जातो. माणूस नेमका कशाने बिघडतो, हे जाणून घ्यायचं असेल तर तिथे थांबायला हवं.

विठोबा महाराजांचा सेवक. सतत जवळ राहणारा. हळूहळू या जवळिकीचाच त्याला ताठा आला. एकदा बाहेरगावची मंडळी दर्शनाला आली. महाराज झोपले होते आणि मंडळींना परतायची घाई. त्यांनी विठोबाला गळ घातली: तुम्ही महाराजांचे लाडके, तुमच्याशिवाय हे काम कोण करणार? विठोबा खूश झाला आणि त्याने महाराजांना उठवलं. मंडळींना दर्शन मिळालं. विठोबाला मात्र महाराजांच्या काठीचा प्रसाद मिळाला. तो पळाला, तो परत आलाच नाही.

आता बघा, या गोष्टीत पैसा कुठेच नाही. कुणी विठोबाच्या हातावर दमडी ठेवली नाही. त्याला मिळालं ते फक्त कौतुक. तरी तो घसरला. भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला टेबलाखालून सरकवलेलं पाकीट दिसतं, पण ते फार पुढचं स्टेशन आहे. गाडी सुटते ती "तुमच्याशिवाय कोण करणार?" या वाक्यावर.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ या श्लोकांत भगवंतांनी ही घसरण पायरीपायरीने सांगितली आहे. एखाद्या गोष्टीचं सतत चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, मग बुद्धीचा नाश आणि शेवटी माणसाचाच नाश. यातला 'भ्रंश' शब्द जरा नीट बघा. 'भ्रष्ट' हा शब्द त्याच धातूपासून आला आहे. अर्थ एकच, जागेवरून ढळणं, खाली पडणं. मला हे जोडून वाचताना नेहमी वाटतं की भ्रष्ट माणूस आधी लोभी होतो असं नाही, आधी तो विसरतो. आपण इथे कशासाठी उभे आहोत, हेच विसरतो. विठोबा दारात उभा होता तो महाराजांच्या सेवेसाठी. पुढे त्याला वाटायला लागलं की दार आपलंच आहे.

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली रंगभूमीवर आलं. त्या नाटकातला घाशीराम कनोजहून पुण्यात येतो. तिथे त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, हाकललं जातं. तो सूड घ्यायचं ठरवतो, पोटच्या मुलीचा सौदा करून नाना फडणवीसांकडून कोतवाली मिळवतो आणि मग पुण्यात पावलोपावली त्याचा परवाना लागायला लागतो. विठोबाला स्तुतीने बिघडवलं, घाशीरामाला अपमानाने. दोघांच्या हाती दार आलं आणि दोघांचंही चित्त एकाच गोष्टीत अडकलं: 'मी कोण आहे ते यांना कळलं पाहिजे.' आणि लक्षात घ्या, घाशीरामाला कोतवाल करणारे नाना त्याच्या वर बसलेले होते. बिघडलेल्या माणसामागे त्याच्याकडून काम करून घेणारेही असतात.

विठोबाच्या गोष्टीतही ती बाहेरगावची मंडळी आहेतच. ती दर्शन घेऊन निवांत घरी गेली. ती मंडळी म्हणजे आपण. "आत कुणी ओळखीचं आहे का?" हा प्रश्न आपण देवळाच्या रांगेत विचारतो, दवाखान्यात विचारतो, ॲडमिशनच्या वेळी विचारतो. काम झालं की आपण मोकळे. दारातला माणूस मात्र त्या दिवशी एक पायरी खाली उतरलेला असतो.

मग उपाय काय? शेगावातच तो डोळ्यांसमोर आहे. संस्थानात पांढऱ्या कपड्यांतले सेवाधारी दिसतात. गावोगावचे लोक पगाराशिवाय, आपापल्या पाळीने सेवेला येतात आणि पाळी संपली की आपल्या घरी, आपल्या कामाला परत जातात. समोर कुणीही येवो, ते त्याला 'माऊली' म्हणतात. मला यात दोन मोठी औषधं दिसतात. एक, दार कायमचं कुणाचं नाही. दुसरं, दारात उभा असलेला मोठा नाही, दाराशी आलेला मोठा. दिवसभर प्रत्येकाला माऊली म्हणताना आपण कशासाठी उभे आहोत हे विसरणं अवघड जातं. स्मृतिभ्रंशावर यापेक्षा सोपा उतारा मला तरी माहीत नाही.

आपल्यातल्या बहुतेकांकडे आज ना उद्या कुठलं तरी दार येणारच. टीममधली रजा मंजूर करणं, सोसायटीचं पार्किंग, कॉलेजच्या कार्यक्रमाचे पास, एखाद्या ग्रुपचं ॲडमिनपद. दार लहान आहे म्हणून घसरण लहान, असं नसतं.

म्हणून आजचा नेम दोन भागांत. आज कुणी तुमच्याकडे काम घेऊन आलं, तर मनातल्या मनात त्याला माऊली म्हणा आणि मगच उत्तर द्या. आणि आज तुम्हीच कुठे रांगेत असाल, तर ओळख काढू नका. आपला नंबर येईपर्यंत नाम घ्या.

जय गजानन!