जकातीच्या वहीजवळ मुलांनाही बसवा

दुकानात वा कारखान्यात बसणाऱ्या मुलाला गल्ला मोजता येतो. पण गल्ल्यातला सगळा पैसा नफ्याचा नसतो, हे त्याला कोणी सांगत नाही. ते शिकवण्याची संधी दरवर्षी येते. रमजानमध्ये बरेच बांधव जकात अंदाजाने काढतात. यंदा अंदाज सोडा आणि मुलाला, मुलीलाही, वही देऊन जवळ बसवा.

मालेगावच्या एखाद्या यंत्रमागधारकाचे उदाहरण घेऊ. सूत व तयार कापड आजच्या विक्रीच्या भावाने ४,००,००० रुपये, खात्रीचे येणे १,२०,०००, रोख ८०,०००; एकूण ६,००,०००. सूतवाल्याचे देणे २,००,००० वजा जाता उरले ४,००,०००. अडीच टक्क्यांनी जकात १०,०००. घरात सोने-चांदी असेल तर तीही मिळवावी.

मुलगा विचारेल, माग का धरले नाहीत? खरा धडा येथेच आहे. माग कमाईचे साधन आहे, विक्रीचा माल नव्हे, म्हणून त्यावर जकात नाही. पण माग झिजतो. तो बदलण्यासाठी दरमहा बाजूला काय टाकले, असे त्याने विचारले तर आपल्यापैकी कितीजणांकडे उत्तर आहे?

वही जपून ठेवा. पुढील वर्षी त्याच हिजरी तारखेला पुन्हा हिशेब मांडा व दोन्ही आकडे शेजारी लिहा. चार लाखांचे साडेतीन झाले असतील, तर धंदा बसला की लग्नकार्यात भांडवल खर्ची पडले, हे मुलांसमोरच शोधा. बहुधा दुसरेच निघते.