रिमोट त्यांच्या हाती द्या

प्रश्न : शाळेत स्मार्ट टीव्ही आलाय, पण ज्येष्ठ बाई प्रत्येक तासाला मलाच बोलावतात. काय करू?
– एक शिक्षिका, शिवमंदिर परिसर, अंबरनाथ

उत्तर : रिमोट त्यांच्याच हाती द्या. सुरुवात एवढीच: बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन करून एक व्हिडिओ दाखवणं. आधी तुम्ही करून दाखवा, मग दोघी मिळून करा, नंतर त्या एकट्या. तुम्ही मागच्या बाकावर. त्या अडल्या तरी लगेच उठू नका. हेच सर्वांत कठीण! पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याची वाट परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी दाखवली, तेव्हा तेही आपल्यासारखेच वर्गशिक्षक होते. पुढे इतिहासाच्या तासासाठी बाईंनी १०६० सालच्या शिवमंदिरातल्या शिल्पांचे फोटो स्वतः काढून टीव्हीवर लावावेत. शिकवण्यात त्या तुमच्याहून मुरलेल्या आहेत. त्या तासाला तुम्ही वही घेऊन बसा.