माध्यमिक शाळेतील अर्थशास्त्राचे एक वर्ष
(जोयडा तालुक्याच्या आधाराने)

दुकानदाराच्या मुलास व्यवहाराचे पहिले धडे पेढीवरच मिळतात. भाव का चढला, का उतरला, उधारी किती द्यावी, माल किती दिवस ठेवावा, हे लहानपणापासून त्याच्या कानांवर पडत असते. शेतकऱ्याच्या वा मजुराच्या मुलास ही संधी नसते. त्याला हे ज्ञान शाळेनेच द्यावयास हवे. म्हणून माध्यमिक शाळेत अर्थशास्त्र कसे शिकविले जाते, हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नसून आपणा व्यापाऱ्यांचाही आहे.

हा विषय मराठीस नवा नाही. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ साली आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ साली प्रसिद्ध झाली. जोयडा, म्हणजे पूर्वीचा सुपे तालुका, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या प्रांताचे १९३७ ते १९३९ या काळातील अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे हे जैन समाजातील होते, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

आज कर्नाटकात दहावीपर्यंत अर्थशास्त्र हा वेगळा विषय नसतो. समाजविज्ञानाच्या पुस्तकातच अर्थशास्त्र व व्यवहार अध्ययन यांची प्रकरणे असतात. स्वतंत्र विषय पदवीपूर्व वर्गात येतो. तेव्हा पुस्तकातील थोड्या पानांना गावातील व्यवहाराची जोड दिली, तरच विषय मुलांच्या अंगी लागेल. ती जोड वर्षभरात कशी द्यावी, ते क्रमाने पाहू.

१. जून ते सप्टेंबर : माप

आरंभ तराजूपासून करावा. शेर, पायली, मण यांच्या जागी दशमान मापे आणणारा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अंमलात आली. दशमान नाणी त्याआधीच, १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली होती. घरी आजही पायलीने मोजणारी आजी असेल, तर मुलाने तिची पायली भरून काट्यावर तोलावी. एकाच पायलीत भात किती किलो आणि तांदूळ किती किलो बसतो, हे स्वतः लिहून काढले की माप व वजन यांतील भेद पुन्हा विसरत नाही. काट्यावरील सरकारी मुद्रा कोठे असते, हेही त्याला दाखवावे. तत्त्वार्थसूत्रात खोटी मापे आणि भेसळ हे दोन्ही अचौर्यव्रताचे अतिचार गणले आहेत. जे आपल्या धर्मात आहे, तेच कायद्यात आहे.

२. ऑक्टोबर ते डिसेंबर : भाताचा भाव

सुगीच्या दिवसांत भावाचा पाठ घ्यावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरविली. सरकारी भरडाईच्या प्रमाणानुसार १०० किलो भातातून ६७ किलो कच्चा तांदूळ निघतो. म्हणजे केवळ भाताच्या किमतीनेच तांदूळ किलोला ३५ रुपये ३६ पैसे पडतो. त्यात भरडाई, बारदान, हमाली, गाडीभाडे व व्याज मिळवावे, कोंड्याचे उत्पन्न वजा करावे. हा हिशेब मुलाने एकदा फळ्यावर मांडला, म्हणजे शेतकरी बापाला मिळणारा भाव आणि दुकानातील भाव यांतील अंतर कोठे जाते, ते त्याला कळेल. ते अंतर रास्त आहे की नाही, हेही त्यालाच ठरविता येईल.

३. जानेवारी : साठा

पुस्तकात व्यापारी बहुधा साठेबाज म्हणून भेटतो. याचा राग न मानता हिशेब पुढे ठेवावा. ३,५०० रुपये क्विंटलचा तांदूळ सहा महिने ठेवला, तर शेकडा १२ दराने व्याज २१० रुपये होते. घट शेकडा १ धरली, तर ३५ रुपये. गोदामाचे भाडे सोडूनही भाव २४५ रुपयांनी चढला नाही, तर ठेवणारा बुडतो. सुगीचा माल पावसाळ्यापर्यंत पुरविणे हे समाजाचे कामच आहे. परंतु टंचाईच्या वेळी दाराला कुलूप लावून भाव वाढविणे हे काम नव्हे, तो अपराध होय. हा भेद आपण स्वच्छ सांगितला, तरच आपला शब्द खरा मानला जाईल.

याच हिवाळ्यात जोयड्यात कंदमेळा भरतो. कुणबी बांधवांनी पिकविलेले कंद तेथे विक्रीस येतात. पिकविणारा आणि खाणारा समोरासमोर आले, की भाव कसा ठरतो, हे पाहण्यास याहून चांगला वर्ग नाही.

४. फेब्रुवारी व मार्च : सरकार आणि बाजार

१ फेब्रुवारीस केंद्राचे अंदाजपत्रक मांडले जाते. त्यानिमित्त सरकारच्या निर्णयाचा भावावर होणारा परिणाम शिकवावा. २० जुलै २०२३ रोजी बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी खुली झाली. याच काळात अन्नभाग्य योजनेतील जादा ५ किलोंसाठी कर्नाटक सरकारास तांदूळ मिळाला नाही, म्हणून किलोला ३४ रुपयांप्रमाणे माणशी १७० रुपये देण्यात आले. धान्य बरे की रोख बरी, यावर मुलांचा वादविवाद ठेवावा. मुलांच्या घरीच उत्तर असल्याने तो रंगेल.

तालुक्यातील दोन स्थळे हीच दोन प्रकरणे होत. कॅसलरॉक हे १९६१ पर्यंत पोर्तुगीज गोव्याच्या सीमेवरील स्थानक होते. जकात म्हणजे काय, ते तेथे समजते. काळी नदीवरील सुपे धरणाच्या पाण्याखाली जुने सुपे गाव गेले आणि अनेक कुटुंबे रामनगरास येऊन वसली. धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॅटचे वीजगृह आहे. लाभ कोणास झाला आणि किंमत कोणी दिली, हा अर्थशास्त्राचा सर्वांत मोठा प्रश्न येथील मुलांच्या आजोबांनी प्रत्यक्ष सोसला आहे.

१५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन. त्या दिवशी मुलांनी वर्षभरातील वह्या पालकांसमोर मांडून अभ्यासाची सांगता करावी.

५. आपले कर्तव्य

या कार्यास मोठा निधी नको. सभासद बंधूंनी वर्षातून एक दिवस आपले गोदाम व खातेवही मुलांसाठी खुली करावी, आणि त्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावीत. गिऱ्हाईक शहाणे झाले तर धंदा बसेल, अशी भीती काहींस वाटते. परंतु अडाणी गिऱ्हाईक एकदा फसले की त्याला सारीच दुकाने सारखी वाटतात. सचोटीची पेढी ओळखण्यास हिशेब समजणारे गिऱ्हाईकच लागते. आज शाळेत असलेली ही मुले दहा वर्षांनी आपल्याकडे भात घेऊन येतील. तेव्हा त्यांनी काट्याकडे पाहून मान डोलवावी, एवढे शिक्षण त्यांना मिळो.