मनात ठरवलेले दान



संत पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातील ८ वा व ९ वा अध्याय वर्गणीविषयी आहे. यरुशलेममधील गरीब भाविकांसाठी मदत गोळा करायची होती. पौल प्रेषित होता, हुकूम सोडू शकला असता. पण ही आज्ञा नव्हे, असे तो स्पष्ट लिहितो. उदाहरणही श्रीमंतांचे देत नाही. मासेदोनियातील मंडळ्या स्वतःच हलाखीत होत्या, तरी आम्हालाही यात वाटा द्या म्हणून त्यांनी विनवण्या केल्या. आनंदाने देणारा देवाला प्रिय आहे, हे आपण नेहमी ऐकतो. मात्र त्याआधी पौल म्हणतो की ज्याने त्याने आपल्या मनात ठरवावे, दडपणाखाली देऊ नये. हे आपल्या कानावरून जाते.

आपल्या माण तालुक्याने याचा अर्थ २०१८ साली पाहिला. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस, भर उन्हाळ्यात, गावोगावी श्रमदान झाले. टाकेवाडीला राज्यात पहिला क्रमांक मिळाला, भांडवलीला विभागून दुसरा. बक्षिसासाठी खणले असे कोणी म्हणेल. पण बक्षीस मोजक्याच गावांना मिळते, आणि हातावरचे फोड सर्वांना! शिवाय काम माथ्यापासून पायथ्याकडे होते. डोंगरावर खणलेल्या चरात मुरलेले पाणी खालच्या कोणाच्या तरी विहिरीत उतरते. भूमिहीन माणूस कुदळ मारतो, तेव्हा त्याच्या नावावर विहीरच नसते. श्रमदानाला मजुरी नव्हती, सक्तीही नव्हती. घरी बसण्याची मुभा असताना जो आला, त्याचेच येणे दान ठरले.

उलट, सणाच्या वर्गणीत आपले नाव वाचले जाईल, शेजाऱ्याचा आकडा मोठा दिसेल, या धास्तीने दिलेली रक्कम पेटीत पडते खरी; पण माझ्या मते तो कर झाला. कर भरून कोणी हसत घरी जात नाही. प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये पेत्र हनन्याला सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. त्याचा दोष कमी देण्यात नव्हता, सारे दिल्याचे सोंग करण्यात होता.

प्रभू येशूनेही आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण होऊन देतो, असे सांगितले (योहान १०:१८).

या आठवड्यात सायंप्रार्थनेनंतर घरी हे दोन अध्याय वाचावेत. मुलांना विचारावे: कोणी न सांगता तू शेवटचे काय दिलेस?