डभई : बैलांनी ओढलेली रेल्वे

बडोद्याच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरवर डभई हे तटबंदीचे लहानसे शहर वसले आहे. त्याचे प्राचीन नाव दर्भावती. चार वेशींपैकी बडोदे, चांपानेर व नांदोद या तिघींची नावे त्या त्या गावांच्या वाटांवरून पडली. पूर्वेची हिरा भागोळ मात्र कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. १ एप्रिल १७३१ रोजी बाजीराव पेशवे व सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यात येथून जवळच भिलापूर येथे झालेली लढाई मराठी वाचकास ठाऊक असते. डभईच्या रेल्वेची हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

हा मुलूख काळ्या जमिनीचा व कापसाचा. पावसाळ्यात चिखलात गाड्यांची चाके रुतत आणि माल गावातच अडकून पडे. १८६१ साली मुंबई-बडोदे लोहमार्ग बडोद्यापर्यंत पोहोचला. पण डभई त्या वाटेवर नव्हते. तेव्हा खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकीर्दीत १८६२ साली डभई ते मियागाम असा वीस मैलांचा फाटा झाला. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. भारतातील हा पहिला अरुंद मापाचा लोहमार्ग होय. त्यावरील डबे बैल ओढीत. तिला आगगाडी म्हणावे, तर आग कोठेच नव्हती! तथापि ही कल्पना हास्यास्पद नव्हे. लोखंडी रुळावर चाकास घर्षण फार कमी होते. त्यामुळे कच्च्या रस्त्यापेक्षा कितीतरी अधिक ओझे तीच बैलजोडी ओढू शकते.

१८६३ साली स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या नील्सन कंपनीचे इंजिन या मार्गावर आले. परंतु हलक्या रुळांस त्याचा भार पेलवेना. १८७३ साली मजबूत रूळ घातल्यावरच वाफेचा मार्ग मोकळा झाला. सर टी. माधवराव दिवाण असताना १८७९ साली गाडी चांदोद व बहादरपूर येथे, आणि १८८१ पर्यंत बडोद्यास पोहोचली. ओरसंग जेथे नर्मदेस मिळते त्या चांदोदला श्राद्धासाठी जाणाऱ्या यात्रेकरूंची त्यामुळे मोठी सोय झाली.

अरुंद मार्ग स्वस्त पडला खरा, पण त्याचे मोल मियागामला मोजावे लागे. तेथे मुख्य मार्ग साडेपाच फुटी असल्याने छोट्या डब्यातील प्रत्येक गाठ उतरवून मोठ्या डब्यात चढवावी लागे. ही अडचण रुंदीकरणाखेरीज सुटणारी नव्हती. बडोद्याकडील व चांदोदकडील फाटे पुढे रुंद झाले, आणि १७ जानेवारी २०२१ पासून मोठ्या गाड्या डभई, चांदोदमार्गे थेट केवडियास जाऊ लागल्या.