औषधाचं बिल जपा, फार्मासिस्टला बोलतं करा

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एक तरुण आई दवाखान्यात आली. कडेवर तीन वर्षांचं पोर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली खोकल्याच्या औषधाची बाटली. खोकल्याच्या औषधाने छिंदवाड्यात मुलं दगावल्याची बातमी तिने सकाळीच मोबाईलवर पाहिली होती. "डॉक्टर, हेच का हो ते औषध? महिन्यापूर्वी पाजलंय मी याला."

मी बाटली हातात घेतली. औषध ओघळून लेबल चिकट झालं होतं आणि अर्धं सोलवटलं होतं. नाव वाचता येईना, बॅच नंबरही दिसेना. "बिल आहे का?" मी विचारलं. ती म्हणाली, "एवढ्याशा औषधाचं बिल कुठं घेतो आपण?"

पोर हसत-खेळत होतं, लघवी व्यवस्थित होत होती आणि औषध बंद होऊनही बरेच दिवस लोटले होते. त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही, हे मी तिला सांगू शकलो. पण त्या बाटलीत नेमकं काय होतं, या तिच्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचा हा सल्ला त्या प्रश्नातून आला आहे.

एका आकड्यावर चालणारी यंत्रणा

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याचं औषध घेतल्यावर वीसहून अधिक लहान मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांना आपल्या नागपूरच्या रुग्णालयांत हलवलं होतं. सगळ्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. तामिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधाचा नमुना तपासला, तेव्हा त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघालं. ०.१ टक्क्याच्या वर ते असूच नये, अशी मर्यादा आहे.

पातळ औषधात ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल असे द्राव वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला त्यांच्यासारखंच आणि चवीला गोड, पण ते कारखान्यांत इतर कामांसाठी वापरायचं रसायन आहे. कच्चा माल आणि तयार औषधाची प्रत्येक बॅच तपासूनच बाहेर पाठवायची, असा नियम आहे. तो पाळला नाही, तर हे विष थेट मुलाच्या चमच्यात येतं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळ झालेलं ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्णांचे प्राण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयातली खरेदी, औषध प्रशासन आणि थेट मंत्र्यांपर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवला. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच विष पुन्हा मुलांच्या पोटात गेलं, याचं मला डॉक्टर म्हणून अतोनात दुःख आहे.

आता सरकारी देखरेख कशी चालते ते पाहा. केंद्रात केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना आणि राज्यात अन्न व औषध प्रशासन अशी रचना आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली औषध निरीक्षक कारखाने आणि दुकानं तपासतात, नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. दर्जाला न उतरलेल्या औषधांची यादी दर महिन्याला जाहीर होते. छिंदवाड्याच्या घटनेनंतर आपल्या प्रशासनानेही त्या औषधाची 'एसआर-१३' ही बॅच विकू नका, वापरू नका, असा इशारा तातडीने दिला.

नीट लक्ष द्या. इशारा एका बॅच नंबरचा होता. सरकारचा हात त्या आकड्याला धरून कारखान्यातून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून दुकानात आणि दुकानातून बिलाच्या आधारे तुमच्या घरापर्यंत येतो. बिल नसेल तर तो हात दुकानाच्या काउंटरवरच थांबतो. मी तपासलेल्या त्या बाळाच्या घरापर्यंत तो पोचूच शकला नसता.

काउंटरपलीकडचा माणूस

निरीक्षक बाजारातली प्रत्येक बाटली उघडून पाहू शकत नाही, डॉक्टरही प्रत्येक वेळी अचूक असतो असं नाही. मग औषध तोंडात जाण्याआधी शेवटची नजर कोणाची? नोंदणीकृत फार्मासिस्टची. ही नजर किती मोलाची असते, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

संधिवाताच्या एक आजी माझ्याकडे तापासाठी आल्या होत्या. जुनी चिठ्ठी फाटलेली, म्हणून त्यांच्या नेहमीच्या गोळ्याही मीच नव्याने लिहून दिल्या. त्यात मेथोट्रेक्सेट होती. सांधेदुखीवरची ही गोळी आठवड्यातून फक्त एका ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी झपाट्याने घटतात, जीवही जाऊ शकतो. दवाखान्यात गर्दी होती आणि माझ्या हातून 'आठवड्यातून' हा शब्द राहून गेला. अर्ध्या तासात मेडिकलमधल्या फार्मासिस्ट मुलीचा फोन आला. "सर, आजींना मेथोट्रेक्सेट रोज लिहिली गेलीय. आठवड्याचीच ना? मी अजून दिलेली नाही. आजींना बसवून ठेवलंय."

त्या मुलीने न विचारता तीस गोळ्या मोजून दिल्या असत्या, तर पुढे काय झालं असतं याचा विचार मला आजही करवत नाही. तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर माझा मोबाईल नंबर छापलेला असतो आणि परिसरातल्या सगळ्या फार्मासिस्टना मी सांगून ठेवलं आहे, शंका आली की फोन करा, मी ओपीडीत असलो तरी उचलीन.

तिने केलं ते काही उपकार म्हणून नव्हे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायची असतात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर चिठ्ठी पारखणं आणि रुग्णाला औषध समजावून सांगणं हे त्याचं कामच ठरवलं. पण कित्येक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं असतं आणि ज्याच्या नावाचं ते आहे तो माणूस तिथे नसतो. गोळ्या काढून देणारा मुलगा प्रामाणिक असला, तरी नाव वाचता येणं वेगळं आणि औषध कळणं वेगळं. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच, असा आग्रह त्यांनी धरला होता. तेव्हा दुकानदारांनी मोठा विरोध केला. तो आग्रह एका अधिकाऱ्याचा न राहता आपल्या सगळ्यांचा व्हायला हवा.

जबाबदारी वाढते आहे, वाढू द्या

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून घसादुखी, कानदुखी, स्त्रियांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात तक्रारींवर ठरवून दिलेल्या नियमांत राहून फार्मासिस्ट स्वतः उपचार करू शकतात. पण त्यामागे प्रशिक्षण आहे, लेखी नोंद आहे आणि ती नोंद रुग्णाच्या डॉक्टरकडे जाते. आपल्याकडे काउंटरवर तापाला म्हणून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या कापून देतात, त्याची याच्याशी तुलना होऊ शकत नाही.

आपल्याकडेही पावलं पडत आहेत. सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' मधल्या तीव्र अँटिबायोटिक, क्षयरोगाच्या आणि सवय लावणाऱ्या औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये, रुग्ण आणि डॉक्टरच्या नावानिशी नोंदवावी लागते. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं. २०१८ पासून क्षयरोगाची औषधं देणाऱ्या औषध विक्रेत्यांवरही रुग्णाची माहिती सरकारला कळवण्याची जबाबदारी आहे.

मला विचाराल तर रक्तदाब मोजणं, इन्सुलिनचं पेन वापरायला शिकवणं, पाच डॉक्टरांच्या पाच चिठ्ठ्यांतली एकमेकांशी न जुळणारी औषधं हेरणं, ही कामं फार्मासिस्टकडे रीतसर यायला हवीत. त्यासाठी त्याला दुकानात बोलायला शांत कोपरा हवा, योग्य पगार हवा आणि त्याच्या कामावरही सरकारची नजर हवी.

तुम्ही काय करायचं

पक्कं बिल घ्याच, औषध दहा रुपयांचं असलं तरी. त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि एक्स्पायरी आहे ना, ते पाहा. औषध संपेपर्यंत आणि त्यानंतरही काही महिने बिल जपा. मोबाईलवर फोटो काढून ठेवलात तरी चालेल.

पट्टी कापून घेतलीत तर बॅच आणि एक्स्पायरी छापलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा. गोळ्या उलट्या बाजूने संपवत या. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाईलने तपासता येतो.

"फार्मासिस्ट आहेत का? जरा बोलायचंय," असं स्पष्ट विचारा. मग चार प्रश्न: ही गोळी कशासाठी? किती आणि कधी? चालू औषधांसोबत चालेल का? काय त्रास झाला तर बंद करू?

चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी "हे तसंच आहे" म्हणून दुसरं दिलं, तर आधी डॉक्टरांना फोन करा. पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय मागूही नका.

दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याची औषधं नकोत. पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत, असं केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आहे. बहुतेक खोकले आपोआप बरे होतात. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध, सगळ्यांना भरपूर पाणी आणि विश्रांती पुरते. मूल धापा टाकत असेल किंवा दूध-पाणी घेत नसेल, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

पातळ औषध स्वयंपाकघरातल्या चमच्याने देऊ नका. घरोघरचे चमचे लहानमोठे असतात. बाटलीसोबतचं माप वापरा. औषध सुरू असताना मुलाला उलट्या होऊ लागल्या, ते मलूल झालं किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर औषध थांबवा आणि बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालयात जा.

वर्षातून दोनदा घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टर किंवा फार्मासिस्टसमोर ओता. आयुर्वेदिक, होमिओपॅथी आणि शेजाऱ्याने दिलेलीही. वयस्कर माणसांच्या पिशवीत एकच औषध दोन नावांनी निघणं अगदी नेहमीचं आहे.

औषधाने त्रास झाला तर कळवा. राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही मिळतो. औषधाच्या दर्जाबद्दल किंवा दुकानाबद्दल तक्रार असेल, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा क्रमांक १८००-२२२-३६५. तुमची एक नोंद म्हणजे कुठल्या तरी औषधाविरुद्धचा पहिला पुरावा असू शकते.

ती आई दिवाळीनंतर पुन्हा आली. पोराला ताप होता. तिने पिशवीतून लसीकरणाचं कार्ड काढलं. त्याला औषधाचं बिल टाचणीने लावलेलं होतं, बॅच नंबर ठळक. बिलाच्या मागे पेनने लिहिलं होतं: 'ताप असेल तरच, ५ मिली, दोन डोसांत निदान सहा तास.' "हे कुणी लिहून दिलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मेडिकलमधल्या मॅडमनी. फार्मासिस्ट आहेत का विचारलं, तर त्या आतून उठून आल्या."